तलावाची पातळी आकाशातून: पट्टीचा आकडा आणि उपग्रहाचा आकडा



पावसाळा लागला की भोपाळात एक आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो, १६६६.८० फूट. बडा तालाब, म्हणजे आपला मोठा तलाव, इथवर भरला की भदभद्याचे दरवाजे उघडायची वेळ येते. १९६५ साली बांधलेल्या त्या ११ दरवाज्यांकडे मग सगळं शहर सहकुटुंब बघायला जातं. आपल्या घरांत मात्र वेगळी गडबड असते. काठाला बांधलेल्या नावा वर ओढायच्या, दोर लांब करायचे, भदभद्याखाली कालियासोतच्या बाजूला कुणी असेल तर त्याला फोन करायचा.

हल्ली सभासद मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात. "आता उपग्रहावरून पाण्याची पातळी कळते म्हणे. मग ती पट्टी बघायला जायचं कशाला? मोबाईलवरच येईल की!" प्रश्न चांगला आहे. कुणी मोबाईलवर कसलातरी आलेख दाखवतो, कुणी म्हणतो हे सगळं थोतांड. दोन्ही खरं नाही. म्हणून आजचा पाठ यावर. आपलं पान पैठण-उजनीकडचे आणि कोकणातले पाहुणेही वाचतात, त्यांच्या कामाचंही यात थोडं आहे.

ज्यांच्या बोटीवर फिशफाइंडर आहे त्यांना अर्धा धडा आधीच येतो. फिशफाइंडर पाण्यात आवाज सोडतो, तो तळाला आपटून परत येतो, किती वेळ लागला त्यावरून खोली काढतो. उपग्रह तेच करतो, फक्त आवाजाऐवजी रडारची लहर सोडतो. सुमारे ८०० किलोमीटर उंचीवरून लहर खाली येते, पाण्याला आपटते, परत जाते. प्रकाशाच्या वेगाने, सेकंदाला तीन लाख किलोमीटर. जाऊन-येऊन लागतो सेकंदाचा साधारण दोनशेवा भाग. उपग्रह स्वतः नेमका किती उंचीवर आहे हे वेगळं मोजलेलं असतं. त्या उंचीतून हे अंतर वजा केलं की पाण्याच्या पृष्ठभागाची उंची उरते. या पद्धतीला अल्टिमेट्री म्हणतात, म्हणजे उंची मोजणं.

ऐकायला सोपं, करायला महाकठीण. पातळीत एका सेंटिमीटरची चूक व्हायला वेळेत किती चूक पुरते माहीत आहे का? एका सेकंदाचे दीड हजार कोटी भाग करा, त्यातला एक भाग. त्यात हवेतली वाफ लहरीला मंदावते. दमट हवेत एवढ्याने तीस-चाळीस सेंटिमीटरचा फरक पडतो. कोरड्या हवेनेसुद्धा लहर मंदावते, तो फरक दोन मीटरच्या वर असतो. हे सगळं हिशेबात धरून वजा केल्यावर जो आकडा हाती येतो तो आपल्याला दिसतो.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण इथेच निम्मी माणसं घसरतात. फिशफाइंडर खोली सांगतो, उपग्रह पातळी सांगतो. या दोन वेगळ्या वस्तू आहेत. रडारची लहर पाण्यात शिरत नाही, वरच्यावर परतते. तळाशी गाळ किती साचला ते तिला दिसत नाही. आपला मोठा तलाव राजा भोजाच्या काळातला, अकराव्या शतकातला. कोलांस नदी आणि ३६१ चौरस किलोमीटरचं पाणलोट क्षेत्र दरवर्षी त्यात पाण्याबरोबर माती आणून टाकतं. पट्टीवर १६६६.८० दिसलं की सरकारी कागदावर तलाव भरला. पण त्याच आकड्याला आज आपल्या आजोबांच्या काळाएवढंच पाणी आहे का? ते पट्टीलाही सांगता येत नाही आणि उपग्रहालाही नाही. काठी टाकून, नाहीतर फिशफाइंडर घेऊन, आडव्या-उभ्या रेघा मारतच ते मोजावं लागतं. हे काम आपल्यासारखे नाववाले कुणाहीपेक्षा चांगलं करू शकतात, असं आमचं स्पष्ट मत आहे.

शून्य कुठे धरायचा?

मागे एका तरुण सभासदाने काठावर उभं राहून मोबाईलवरचं जीपीएसचं अ‍ॅप उघडलं. त्यात उंची साडेचारशे मीटरच्या आसपास दिसली. त्याने १६६६.८० फुटांचे मीटर केले तर आले ५०८. पाणी तर समोर भरलेलं. मग पन्नासहून जास्त मीटर गेले कुठे?

कुठेही गेले नाहीत. दोघांचा शून्य वेगळा आहे. पट्टीचा आकडा समुद्रसपाटीपासूनचा. आपल्या देशात ही समुद्रसपाटी ठरवली ती नऊ बंदरांवरच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून, १९०९ साली. म्हणजे भोपाळापासून शेकडो किलोमीटर लांब असलेल्या बंदरांत कुणीतरी वर्षानुवर्षं भरती-ओहोटी लिहून ठेवली, त्यावर आपल्या तलावाचा आकडा उभा आहे. जीपीएस आणि उपग्रह मात्र पृथ्वीचा एक गुळगुळीत, गणितातला गोळा धरतात आणि त्याच्यापासून उंची मोजतात. खरा समुद्र त्या गोळ्याला चिकटून नसतो. गुरुत्वाकर्षण जिथे कमी तिथे पाणी खाली बसतं. भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात तर ते त्या गोळ्यापेक्षा शंभर मीटरहून जास्त खाली आहे, जगातला सगळ्यात मोठा खड्डा तोच. मध्य भारतात हा फरक पन्नास-साठ मीटरचा. काही मोबाईल हा फरक आपोआप दुरुस्त करून दाखवतात, काही करत नाहीत. म्हणून दोन मोबाईलवर दोन उंच्या दिसल्या तर भांडू नका.

यातून कामाची गोष्ट एवढीच, की उपग्रहाचा आकडा आणि पट्टीचा आकडा थेट शेजारी ठेवायचा नाही. शेजारी ठेवायचा तो बदल. पट्टीवर दोन महिन्यांत पाणी किती उतरलं, आणि उपग्रहाच्या आलेखात त्याच दोन तारखांमध्ये किती उतरलं. शून्य कुठलाही असो, उतार दोन्हीकडे सारखा यायला हवा.

दुसरी बारीक गोष्ट, पट्टी वाचण्याची. १६६६.८० मधले .८० म्हणजे ८० इंच नव्हेत आणि ८ इंचही नव्हेत. ते दशांश फूट आहेत. फुटाचे दहा भाग, त्यातले आठ. इंचात साडेनऊच्या थोडं वर. एक दशांश फूट म्हणजे सव्वा इंचाला थोडं कमी, म्हणजे तीन सेंटिमीटर. हे पाठ करा, खाली गणितात लागेल.

आपल्या तलावावर ते चालतं का?

आता मुख्य प्रश्न. समुद्रासाठी ही पद्धत १९९२ पासून रुळली आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिका आणि फ्रान्सने मिळून टोपेक्स-पोसायडन सोडला. पुढे जेसन मालिका आली, युरोपचे सेंटिनेल-३ आले. यात आपला देशही मागे नाही. २५ फेब्रुवारी २०१३ ला श्रीहरिकोट्याहून इस्रोने 'सरल' नावाचा उपग्रह सोडला, फ्रान्सच्या अंतराळ संस्थेबरोबर मिळून. त्यावरचं अल्टिका हे रडार जुन्या रडारपेक्षा जास्त कंपनांचं, त्यामुळे खाली त्याचा ठिपका लहान पडतो आणि काठाजवळचं, धरणातलं पाणी जरा बरं मोजता येतं. तापीवरच्या उकाई धरणाच्या पाण्यावर आपल्या शास्त्रज्ञांनी ते वापरून बघितलं आहे. याच उपग्रहावर दुसरं एक यंत्र आहे, ते समुद्रात तरंगणाऱ्या बोयांचे आणि पाठीवर यंत्र लावून सोडलेल्या कासवांचे संदेश गोळा करतं. कोकणातल्या मंडळींना कासवांचं माहीतच आहे.

पण समुद्र आणि तलाव यांत फरक आहे. हे उपग्रह सगळी जमीन बघत नाहीत. नाकासमोर सरळ खाली बघत एक रेघ मारत जातात. रेघेखाली पाणी आलं तर मोजलं, नाही आलं तर नाही. जेसनच्या दोन शेजारच्या रेघांमध्ये विषुववृत्तावर ३१५ किलोमीटरचं अंतर असतं. दर दहा दिवसांनी तो त्याच रेघेवर परत येतो, पण मधल्या मोठ्या पट्ट्यात कधीच जात नाही. सरलच्या रेघा जवळ जवळ होत्या, पण परत यायला ३५ दिवस लागायचे. सेंटिनेल-३ ला २७ दिवस. जाळ्याचंच उदाहरण घ्या, दोर मोठा केला की भोकंही मोठी होतात. मोठ्या भोकांचं जाळं रोज टाका किंवा बारीक भोकांचं महिन्याने टाका, दोन्ही एका वेळी मिळत नाही.

नर्मदेवरच्या इंदिरा सागरचं पाणी पूर्ण भरल्यावर ९०० चौरस किलोमीटरच्या वर पसरतं. पैठणचा नाथसागर, ज्याचा १५२२ फुटांचा आकडा मराठवाड्यात शेंबड्या पोरालाही पाठ आहे, तोही शेकडो चौरस किलोमीटरचा. असे जलाशय एखाद्या रेघेखाली सापडण्याची शक्यता चांगली असते. आपला मोठा तलाव भरल्यावर ३१ चौरस किलोमीटर. रेघ नेमकी त्यावरून जाणं हा नशिबाचा भाग. आणि गेली तरी भानगडी आहेत. रडारचा ठिपका काही किलोमीटर रुंद असतो, त्यात पाण्याबरोबर काठ, घरं, श्यामला हिल्सची टेकडीही येते. टेकडी उंच, तिचा प्रतिध्वनी आधी पोचतो, आणि यंत्र कधी कधी तिलाच धरून बसतं. उलट वारा पडलेला असला की पाणी आरशासारखं चमकतं. मग उपग्रह डोक्यावर येण्याआधीच त्याला तलाव तिरका दिसू लागतो. तिरकं अंतर जास्त भरतं, म्हणून पातळी आहे त्यापेक्षा खाली दिसते. डोक्यावर आला की बरोबर, पुढे गेला की पुन्हा खाली. आलेखात मग घोड्याच्या नालेसारखी कमान दिसते. जाणकार माणूस ती ओळखून मधलाच भाग घेतो.

पावसाचं तर विचारूच नका. अल्टिकाच्या लहरी जोरदार पावसात अडतात. म्हणजे ज्या दिवशी आपल्याला पातळी हवी, नेमका त्याच दिवशी आकडा गायब असू शकतो!

१६ डिसेंबर २०२२ ला यात मोठा बदल झाला. अमेरिका आणि फ्रान्सने कॅनडा व ब्रिटनच्या मदतीने स्वॉट नावाचा उपग्रह सोडला. हा रेघ मारत नाही, पट्टा मोजतो. दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास किलोमीटर रुंद पट्टे. दहा मीटर लांबीच्या दांड्याच्या दोन टोकांना दोन अँटेना आहेत. माणसाला दोन डोळ्यांनी जसं अंतर कळतं, तसं त्याला दोन अँटेनांनी उंची कळते. साधारण २५० मीटर लांब-रुंद तळंही मोजता यावं, नद्या १०० मीटर रुंदीपर्यंतच्या, असं त्याचं उद्दिष्ट आहे. एक चौरस किलोमीटरहून मोठ्या तलावाची पातळी सुमारे १० सेंटिमीटरच्या अचूकतेने. आपला तलाव त्याच्यासाठी चांगलाच मोठा झाला. फेरी मात्र २१ दिवसांची. एकाच जागेवर दोन पट्टे आले तर त्यात दोनदा दिसेल.

आता दहा सेंटिमीटर म्हणजे किती ते बघू. दशांश फूट तीन सेंटिमीटरचा, म्हणजे दहा सेंटिमीटर झाले ०.३३ फूट. उपग्रहाने समजा पाणी १६६६.८० ला असताना मोजलं, तर त्याचा आकडा १६६६.४७ पासून १६६७.१३ पर्यंत काहीही येऊ शकतो आणि तरी तो बरोबरच म्हणायचा. दरवाजे उघडायचे की नाही हा निर्णय तर याच्याहून बारीक फरकावर होतो. तलाव भरलेला असताना एक इंच पाणी म्हणजे जवळपास ७९ कोटी लिटर. मुसळधार पावसात ते किती भराभर चढतं ते आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. तेव्हा २१ दिवसांनी येणाऱ्या आकड्यावर विसंबून कुणी नाव काठाला सोडून झोपणार नाही. त्या रात्री पट्टी, सायरन आणि एकमेकांचे फोन.

बर्फ आणि नावेचं अंग

हे शास्त्र सगळ्यात जास्त पणाला लागतं ते ध्रुवाकडच्या समुद्रावर. तिथे समुद्र गोठून बर्फाचे तक्ते तरंगतात. ते किती जाड आहेत हे उपग्रहावरून काढतात. आपल्या लोकांना हे चटकन कळेल, कारण नावेत माल भरताना आपण हेच बघतो, काठ पाण्यापासून किती बोटं वर राहिला. जेवढं ओझं तेवढी नाव खाली.

बर्फाचा तक्ता साधारण एक दशांश वर आणि नऊ दशांश पाण्याखाली असतो. तक्त्यांच्या मध्ये भेगा पडतात, तिथे उघडं पाणी असतं. उपग्रह भेगेतल्या पाण्याची उंची मोजतो, शेजारच्या तक्त्याची उंची मोजतो, दोन्हींचा फरक म्हणजे वर आलेलं अंग. वर २० सेंटिमीटर आलं असेल तर तक्ता एकूण १९० सेंटिमीटरच्या आसपास जाड. पण इथे गोम आहे. वरच्या मोजणीत फक्त तीन सेंटिमीटर चुकले, तर जाडीत जवळपास ३० चुकतात. शिवाय तक्त्यावर भुसभुशीत हिम साचलेलं असतं. ते ओझं बनून तक्त्याला दाबतं, आणि रडारची लहर त्या हिमात कुठवर शिरली यावरही आकडा बदलतो. २०१० पासून फिरणारा युरोपचा क्रायोसॅट-२ जी लहर वापरतो ती हिमात बरीच आत जाते. २०१८ चा अमेरिकेचा आइससॅट-२ लेसर वापरतो, तो हिमाच्या वरच्या थरावरूनच परततो. आपल्या सरलची लहरही हिमात फार आत जात नाही. मग शास्त्रज्ञांनी डोकं चालवलं. आत जाणारी लहर आणि वरून परतणारी लहर यांतला फरक म्हणजेच हिमाचा थर! २०२० मध्ये तर क्रायोसॅट-२ ची कक्षा मुद्दाम थोडी बदलली, की दोन्ही उपग्रह थोड्या वेळाच्या अंतराने एकाच बर्फावरून जावेत.

आपल्याला या बर्फाचं काय करायचं, असं कुणी म्हणेल. गोव्यात वास्कोला आपल्या देशाची ध्रुवीय संशोधन संस्था आहे. अंटार्क्टिकात मैत्री आणि भारती, उत्तर ध्रुवाजवळ हिमाद्री ही केंद्रं तीच चालवते. तिथे जहाज न्यायचं तर बर्फ कुठे किती आहे हे माहीत लागतंच. आणि तरंगता बर्फ वितळल्याने समुद्र जवळजवळ चढत नाही, पेल्यातला बर्फ वितळला म्हणून पेला सांडत नाही तसं. पण ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाच्या जमिनीवरचा बर्फ वितळून आला की चढतो. उपग्रहांच्या नोंदीप्रमाणे १९९३ पासून जगभरचा समुद्र वर्षाला सरासरी तीन मिलिमीटरहून थोडा जास्त चढत आहे, तीस वर्षांत सुमारे १० सेंटिमीटर. दहा सेंटिमीटर अचूकतेच्या गोष्टी करणाऱ्या यंत्राला मिलिमीटर कसे कळतात? कोट्यवधी वाचनांची सरासरी काढून. एका वाचनाला ते जमत नाही. आणि उपग्रह सरकत तर नाही ना, हे तपासायला पुन्हा बंदरातल्या मोजपट्ट्याच लागतात. मुंबईत अपोलो बंदरावरच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. जगातल्या जुन्या नोंदींमध्ये त्या मोडतात.

कोकणातल्या पाहुण्यांसाठी एवढंच, की हैदराबादची इन्कॉइस संस्था मासे कुठे मिळतील याची जी सूचना पाठवते, त्यात पाण्याचं तापमान आणि हिरवटपणा यांच्याबरोबर समुद्राची पातळीही बघितली जाते. समुद्र सपाट नसतो. काही भोवऱ्यांमध्ये पाणी बशीसारखं मध्ये खोलगट होतं, तिथे खालचं थंड, खतावलेलं पाणी वर येतं. अशा बशीची खोली काही सेंटिमीटरच असते, आकाशातूनच दिसते. बंदराजवळ मात्र उपग्रहावर भरवसा नको, जमिनीच्या सावलीत त्याची आकडेवारी बिघडते.

मग आपल्या कामाचं काय?

आमच्या मते, उपग्रहाचा खरा उपयोग आजच्या पातळीसाठी नाही, मागच्या वर्षांच्या पातळीसाठी आहे. तलाव, जलाशय ठेक्याने घेतले जातात तेव्हा हिशेब हेक्टरवर होतो. पाण्याखाली सरासरी किती क्षेत्र आहे त्यावर रक्कम, त्यावरच किती बोटुकली सोडायची तेही. क्षेत्र कागदावर एक असतं आणि मे महिन्यात पाणी त्याच्या कितीतरी आत गेलेलं असतं. उघड्या पडलेल्या चिखलाचेही पैसे आपण भरायचे का, हा प्रश्न प्रत्येक संस्थेच्या बैठकीत निघतो. निघतो आणि विरतो, कारण कुणाच्या हातात नोंद नसते. "या वर्षी पाणी लवकर आटलं" हे वाक्य साहेबांपुढे टिकत नाही. तारीखवार आकडा टिकतो.

ती नोंद तीन ठिकाणांहून जुळवता येते. पहिली आपली पट्टी. दुसरी सरकारी. केंद्रीय जल आयोग मोठ्या जलाशयांचा साठा दर आठवड्याला प्रसिद्ध करतो, त्यात इंदिरा सागर, तवा, गांधी सागर आहेत, महाराष्ट्रातले जायकवाडी, कोयना, उजनीही आहेत. तिसरी उपग्रहाची. फ्रान्सचं हायड्रोवेब आणि म्युनिकच्या विद्यापीठाचं दाहिती ही दोन संकेतस्थळं जगभरच्या तलावांच्या पातळीचे आलेख देतात, बघायला पैसे लागत नाहीत. तुमचा जलाशय त्यात असेल तर नशीबवान. त्यांच्या जोडीला सेंटिनेल-२ ची चित्रं. त्यातला एक ठिपका म्हणजे १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे शंभर निळे ठिपके मोजले की एक हेक्टर पाणी. दर पाच दिवसांनी चित्र येतं. पावसाळ्यात ढग आडवे येतात, पण आपला प्रश्न उन्हाळ्यातला आहे आणि तेव्हा आभाळ मोकळं असतं.

पातळी आणि क्षेत्र दोन्ही मिळाले की गंमत कळते. कुठल्या फुटाला किती हेक्टर पाणी, हा तक्ता तयार होतो. तो एकदा झाला की पुढे रोजच्या पट्टीवरूनच क्षेत्र सांगता येतं. उन्हाळ्यात पाणी समजा दहा फूट उतरलं, म्हणजे तीन मीटर, तर त्यात उपग्रहाची दहा सेंटिमीटरची चूक किरकोळ ठरते, तिसावा हिस्सा. दरवाज्यांसाठी जो आकडा निकामी, तोच इथे भक्कम पुरावा होतो.

आता गणित. घरातल्या आठवी-नववीच्या मुलांना बसवा.

समजा पट्टीवर १ डिसेंबरला १६६६.५० होतं आणि १ मे ला १६६०.४०. उपग्रहाच्या आलेखात याच सुमाराच्या दोन वाचनांमध्ये पातळी १.८३ मीटरने उतरलेली दिसते. दोन्ही जुळतात का? पट्टीवरचा उतार ६.१ फूट. १.८३ मीटरला ०.३०४८ ने भागा, ६ फूट येतात. फरक ०.१ फूट, म्हणजे तीन सेंटिमीटर. दहाच्या आत आहे, तेव्हा जुळतात. एक फुटाचा फरक आला असता तर तीन गोष्टी तपासायच्या. दोन्हीकडच्या तारखा त्याच आहेत का, पट्टी वाचताना दशांशाचे इंच तर केले नाहीत ना, आणि त्या दिवशी वारा कसा होता. जोराच्या वाऱ्यात पाणी एका काठाला लोटलं जातं, हे नाव चालवणाऱ्याला सांगायला नको.

या पाठासाठी वही अशी आखा: तारीख, वेळ, पट्टीचं वाचन, वारा कुठून, पाऊस होता की नाही. रोज सकाळी एकाच वेळी, शक्यतो वारा सुटायच्या आत. पट्टीचा तळ चिखलात गेला असेल तर तसं लिहा, अंदाजाने आकडा घालू नका. १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते म्हणून वही बंद करू नका, पाणी सगळ्यात जास्त तेव्हाच चढतं.

आणि ज्यांच्या घरी वडिलांच्या, आजोबांच्या जुन्या वह्या आहेत, ज्यात कुठल्या साली पाणी कुठल्या दगडापर्यंत, कुठल्या घाटाच्या कितव्या पायरीपर्यंत होतं असं लिहिलेलं आहे, त्यांनी त्या पानांचे फोटो काढून संस्थेत आणून द्यावेत. पायरी आजही जागेवर असेल तर तिची उंची मोजून तो जुना आकडा फुटांत बदलता येतो. वही तुमच्याकडेच राहील, आम्हाला फोटो पुरे.